सातशे वीस किलोमीटर, पाऊण तास

१

पेटी उघडली आणि आतून दगड निघाला.

चांगला पावशेर-अर्धा किलोचा, चपटा, एका अंगाला मातीचा ओला वास असलेला दगड. वेधशाळेच्या मास्तरांनी तो दोन्ही हातांत धरला, जसं कुणी न रडणारं बाळ धरावं. नऊ महिने ते ज्याची वाट बघत होते ते भिंग सातशे वीस किलोमीटरवरच्या शहरात, एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घासून घडवलं होतं. परवा रात्री धूमकेतू डोक्यावरून जायचा होता. पुन्हा येणार तो दीडशे वर्षांनी. मास्तरांना तेवढी रजा शिल्लक नव्हती.

"सील तुटलेलंच होतं हो!" पावतीराव म्हणाला. तो मावळतीच्या शहरातल्या बस आगारात पार्सलखात्यावर होता. पावती आणि रजिस्टर यांपलीकडे त्याला कुणी ओळखत नसे, म्हणून हे नाव. "काल संध्याकाळी सहाला मुनी ड्रायव्हर गाडी घेऊन आला. घामाने निथळत होता, हात लटलट कापत होते. मी विचारलं, काय रे, लाख फुटली कशी? म्हणाला, रस्त्यावर खड्डे फार. त्यानेच आपल्या हाताने पेटी कपाटावर नेऊन ठेवली. मी बोटसुद्धा लावलं नाही."

"कपाटावर?" मास्तरांनी वर पाहिलं. लोखंडी कपाट छताला टेकायला आलं होतं.

"हो, अगदी वर. जपून ठेवतोय असं दाखवायला."

मास्तरांनी भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळात पाहिलं. सात वीस. मग मनगटावर पाहिलं. सकाळचे दहा.

"बंद पडलंय ते," पावतीराव घाईने म्हणाला. "चावी द्यायची राहिली."

मास्तर फोनकडे धावले.

२

दोन शहरं. एक उगवतीकडचं, एक मावळतीकडचं. मधे सातशे वीस किलोमीटर रस्ता, नि त्या रस्त्याला बारा तास. सकाळी सहाला दोन्हीकडून एकेक गाडी सुटते, संध्याकाळी सहाला समोरच्या शहरात पोचते. सूर्य निघतो तेव्हा निघायचं, सूर्य टेकतो तेव्हा टेकायचं.

हे बारा तास ज्यांनी बसवले त्या वेळाबाई. तीस वर्षं त्यांनी वेळापत्रकं लिहिली. कुठे चढ, कुठे फाटक, कुठल्या टपरीवर दूध उतू जाईपर्यंत चहा मिळत नाही, सगळं त्यांच्या बोटांवर. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, पण घरातली भाजीसुद्धा अजून वेळेवर सुटत नि वेळेवर पोचत असे.

त्या दिवशी संध्याकाळी उगवतीच्या आगारात साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. एरवी साहेब पाचलाच घरी जात. आज सहापर्यंत थांबून त्यांनी परतीच्या गाडीतून उतरलेल्या मुनीला दारातच धरला होता. मुनी खाली मान घालून बाकावर बसला होता. बुटका, गोल खांद्यांचा, चाळिशीचा माणूस. दिवसातून मोजून दहा वाक्यं बोलायचा, म्हणून मुनी.

"बाई, उघड आहे," साहेब म्हणाले. "पेटी इथून सीलबंद निघाली, मी स्वतः पाहिली. बारा तास त्याच्या सीटखाली होती. तिथे पोचली ती फुटकी, नि पावतीराव म्हणतो, यानेच ती कपाटावर नेऊन ठेवली. पण त्याचा अकरा वर्षांचा कागद स्वच्छ आहे, म्हणून तुम्हाला त्रास दिला. उद्या संध्याकाळी सातला मी पोलिसांकडे तक्रार देणार. नोकरी तर गेलीच."

"मुनी," वेळाबाई म्हणाल्या, "तुला गाडी शिकवली तेव्हा मी मागच्या सीटवर बसून घड्याळ लावत होते. मला सांग. तू घेतलंस?"

"नाही, बाई."

"पावतीराव म्हणतो, तू त्याच्याशी बोललास."

मुनीने वर पाहिलं. ओठ उघडले. मग कुणीतरी आतून कडी घातल्यासारखे मिटले.

"त्याने जे सांगितलं ते सांगितलं," तो म्हणाला.

"अरे, ही काय तोंडाला कुलूप लावायची वेळ आहे?" साहेब ओरडले.

वेळाबाईंनी मात्र त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चोर पकडला गेला की दरवाजाकडे बघतो. मुनी बघत होता घड्याळाकडे. सहा पस्तीस, सहा छत्तीस. जणू कुठेतरी त्याची एक गाडी सुटत होती.

"चल," त्या उठल्या. "तुला घरी सोडते."

३

घर आगारापासून सात मिनिटांवर. मुनी ती चालला नाही, पळाला. वेळाबाई मागून पोचल्या तेव्हा आत पांढऱ्या कपड्यातली सिस्टर आणि मुनी, दोघं मिळून मुनीच्या बायकोला पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवत होते. एक, दोन, तीन, असं नाही. तिघांचा श्वासच एक झालेला.

"या बाई," ती खुर्चीतूनच हसली. "आठ महिन्यांपूर्वी जिन्यावरून खाली आले, तेही न थांबता. तेव्हापासून आमचा थांबा हाच."

"दुखतं?"

"पाठ दुखत नाही, पाठ टेकलेली दुखते. दिवसातून एकदा खुर्चीत बसले ना, की खिडकीतून आख्खी गल्ली माझी. एकट्या सिस्टरला मी पेलत नाही. मी काय फूल आहे?"

सिस्टरने भिंतीला टांगलेली वही काढली, काहीतरी लिहिलं, मुनीपुढे धरली. त्याने सही केली. सही कसली, एक रेघ नि दोन टिंबं.

मुनी चहा टाकायला गेला. बायको खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच गुणगुणू लागली:

*चाकाला म्हणते बाई, किती फिरशील गरगरा,*
*अर्ध्या वाटेत वळून ये रे, दिवेलागणीला घरा.*

"कुणाचं गाणं हे?"

"माझंच. पडल्या पडल्या दुसरं काय करणार? जुळवते."

वेळाबाईंनी हात लांबवून भिंतीवरची वही काढली. रोजची एक ओळ. तारीख, वेळ, आणि 'उचलण्यास मदत: पती', पुढे ती रेघ नि दोन टिंबं. त्यांनी कालची तारीख शोधली.

काल संध्याकाळ. सहा पंचेचाळीस. रेघ, दोन टिंबं.

त्यांच्या छातीत काहीतरी धाडकन सुटलं, जशी सहाची गाडी सुटते.

काल संध्याकाळी सहाला मावळतीच्या रजिस्टरात मुनीची सही होती. काल संध्याकाळी पावणेसातला इथे, या भिंतीवर, मुनीची सही होती. मधे सातशे वीस किलोमीटर. नि पाऊण तास!

"सिस्टर, ही वेळ बरोबर?"

"माझ्या घड्याळाची शपथ, बाई. यांनी काल खुर्ची भिंतीला आपटली नि मी ओरडले. रोज येतात हे. एकही दिवस चुकले नाहीत."

"रोज?" वेळाबाईंनी पानं उलटली. रोज. ज्या दिवशी मुनी कागदोपत्री दुसऱ्या शहरात मुक्कामाला असायचा, त्या दिवशीही. आठ महिने.

स्वयंपाकघराच्या दारात मुनी उभा होता. हातात चहाचे कप होते.

"बाई," तो हळूच म्हणाला, "ती वही तिथेच ठेवा. पाया पडतो. माझी गेली तर एकट्याची जाऊ दे."

एकट्याची! म्हणजे दुसरा कुणीतरी होता.

४

सकाळी सहाच्या गाडीत वेळाबाई पहिल्या सीटवर बसल्या. चालवायला बदली ड्रायव्हर होता. मांडीवर त्यांनी आगारातून आणलेले फेऱ्यांचे कागद पसरले होते. शेजारची प्रवासीण म्हणाली, "परीक्षा आहे का?" त्या म्हणाल्या, "हो. नापास झाले तर दुसऱ्याची नोकरी जाईल." मग त्या बाईने एक संत्रं सोलून पुढे केलं.

आकडे वेळाबाईंशी बोलायचे. आज ते ओरडत होते.

बरोबर मधोमध, तीनशे साठाव्या किलोमीटरच्या दगडाशी, एक चहाची टपरी. उगवतीची गाडी तिथे पावणेबाराला पोचते, मावळतीची ठीक बाराला. प्रत्येकीला चहाला दहा मिनिटं. म्हणजे पहिली अकरा पंचावन्नला निघालेली असायची नि दुसरी नंतर यायची. दोघींची गाठ टपरीवर कधीच पडत नसे. पुढच्या वळणावर हॉर्न वाजवायचा, हात हलवायचा, झालं. त्यांनीच तसं लिहिलं होतं, टपरीवर गर्दी नको म्हणून.

आणि गेले आठ महिने पहिली गाडी निघत होती बारा दहाला! पंचवीस मिनिटं थांबत होती. रोज. उशीर पुढच्या उतारावर भरून काढत होती, म्हणून कुणाच्या नजरेत आलं नाही.

गाडी एवढी कुणाची वाट बघते? प्रवाशाची? प्रवासी रोज बदलतात. चहाची? चहा काही पंचवीस मिनिटं पितात होय?

गाडी गाडीची वाट बघत होती.

अर्ध्या वाटेत वळून ये रे, दिवेलागणीला घरा. ती बाई गाणं नव्हती म्हणत, कबुली देत होती!

टपरीशी त्यांची गाडी थांबली. बदली ड्रायव्हर उतरला, पण दहा मिनिटांनंतर वेळाबाईंनी त्याला निघू दिलं नाही. पंधरा मिनिटांनी समोरून दुसरी आली, आणि तिच्या दारातून वाकून, डोकं सांभाळत, एक ताडमाड माणूस उतरला. मावळतीच्या शहरात राहणारा, मुनीच्या जोडीचा ड्रायव्हर. सगळे त्याला लंबू म्हणत.

वेळाबाई त्याच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या. त्यांचं डोकं त्याच्या बरगड्यांपर्यंत आलं.

"लंबू, त्या पार्सलखोलीतल्या कपाटावर तुझा हात पोचतो?"

"पोचतो की," तो बोलून गेला. मग त्याला कळलं काय बोललो ते. चेहरा उतरला.

"मुनीचा पोचत नाही," वेळाबाई म्हणाल्या. "स्टुलावर चढला तरी पोचायचा नाही. परवा ती पेटी तू ठेवलीस. तुम्ही इथे गाड्या बदलता. तो आलेल्या वाटेने परत आपल्या घरी, तू तुझ्या. आणि एकमेकांच्या सह्या ठोकता."

लंबू मटकन बाकावर बसला. बसूनही तो त्यांच्याएवढाच राहिला.

"बाई, त्याने अर्ज केला होता हो. बायको पडली तेव्हा. साहेबांनी नियम दाखवला. ज्याच्या नावावर गाडी, त्यानेच ती शेवटपर्यंत न्यायची. मग मी म्हटलं, मर्दा, मलाही त्या मुक्कामाच्या खोलीत झोप येत नाही, पाय पलंगाबाहेर जातात. बदलू या."

वेळाबाईंनी डोळे मिटले. तो नियम. बारा वर्षांपूर्वी, एका सुरेख कोऱ्या कागदावर, त्यांनीच लिहिला होता.

"आणि पेटी?"

"सीलबंद होती. अंगठ्याएवढी लाख, अख्खी. सहाला पोचलो. खोलीत चिटपाखरू नव्हतं. पावतीराव असतो कधी तिथे? उघड्यावर नको म्हणून कपाटावर ठेवली, मुनीची सही केली, घरी गेलो."

"मग हे बोलला का नाहीस?"

"फोनवर रडलो, बाई! म्हटलं, मी येतो, सांगतो. तर तो मुका माणूस आयुष्यात पहिल्यांदा ओरडला. म्हणाला, खरं सांगितलंस तर पेटी शेवटी कुणाच्या हातात होती? तुझ्या. मी सुटेन, तू अडकशील. गप्प राहा."

खरंच होतं ते. सत्य बाहेर आलं की चोर बदलत होता फक्त. लंबूच्या शब्दासमोर पावतीरावाचा शब्द. नि पावतीरावाकडे होतं रजिस्टर.

वेळाबाईंनी घड्याळ पाहिलं. बारा सात. मग त्या एकदम हसल्या, शाळेच्या शेवटच्या दिवशी हसतात तशा.

"लंबू, ऊठ. बदली, तूही इकडे ये. आज गाड्या पुन्हा एकदा बदलायच्या. माझ्या हुकमाने!"

५

मावळतीच्या आगारात गाडी लागली तेव्हा सहाला दोन मिनिटं कमी होती. साहेबांनी फोन उचलायला अजून एक तास होता.

"तू गाडीतच बस," त्या लंबूला म्हणाल्या. "मी खिडकीतून रुमाल हलवला की ये."

पार्सलखोली उघडी होती आणि रिकामी. टेबलावर रजिस्टर पसरलेलं, खिळ्याला किल्ल्या. वेळाबाई आत बसल्या. भिंतीवरचं घड्याळ त्यांनीच वीस वर्षांपूर्वी इथे लावून घेतलं होतं. सात वीस. त्यांनी जवळ जाऊन चावीच्या भोकाशी बोट फिरवलं. मग परत येऊन बसल्या.

सहा वाजून नऊ मिनिटांनी पावतीराव आला. काखेत पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. वेळाबाईंना बघून तो दचकला, पण सावरला.

"अरे, बाई! आलात? मी इथेच होतो, आत्ताच मागे गेलो पाणी प्यायला."

"पाणी मेथीचं होतं का?"

तो कसनुसा हसला. वेळाबाईंनी मग त्याला परवाची हकीकत पुन्हा सांगायला लावली. घाम, कापरे हात, खड्डे, कपाट. शब्दाला शब्द तोच, पाठ केलेल्या कवितेसारखा.

"तुझी नजर बरी आहे हं," त्या म्हणाल्या. "आज गाडी कुणी आणली, पाहिलंस?"

पावतीरावाची नजर क्षणभर टेबलाकडे गेली. रजिस्टरात आजच्या ओळीत, सकाळी फोनवर कळवल्याप्रमाणे, लिहिलेलं होतं: बदली.

"बदली ड्रायव्हर ना? आत्ताच तर बोललो त्याच्याशी. दारात उभा होता. म्हणाला, नवीन रस्ता, कंबर मोडली."

"चेहरा नीट पाहिलास?"

"बाई, बावीस वर्षं चेहरेच बघतोय!"

वेळाबाईंनी रुमाल हलवला.

दाराची चौकट अंधारली. लंबू वाकून आत आला, आणि उभा राहिल्यावर त्याचं डोकं घड्याळाच्या बरोबरीला आलं.

"नमस्कार, पावतीराव," तो म्हणाला. "आज गाडी मी आणली. बदलीवाला दुपारीच मागे फिरला. इथून तीनशे साठ किलोमीटरवर त्याची कंबर मोडली, ती तुम्हाला ऐकू आली?"

मेथीची जुडी जमिनीवर पडली.

"तू चेहरे बघत नाहीस रे," वेळाबाई शांतपणे म्हणाल्या. "तू रजिस्टर बघतोस, आणि त्यावरून चेहरे लिहितोस. परवाही तेच. मुनीचं नाव दिसलं, म्हणून मुनीचा घाम दिसला. त्या वेळी मुनी सातशे वीस किलोमीटरवर होता. पाऊण तासाने तो बायकोला खुर्चीत बसवत होता, सिस्टरच्या वहीत त्याची सही आहे. आता सांग. सातच्या सुमाराला तू आलास. मग काय झालं?"

"मी... मला काय माहीत कधी..."

"हे माहीत आहे." त्या घड्याळापाशी गेल्या. "मी लावलेलं घड्याळ आहे हे. चावी संपली की आधी आठवडाभर रडतं, मागे पडतं, मग थांबतं. रोजच्या रोज बरोबर चालणारं घड्याळ एकाएकी थांबत नाही. त्याचा लंबक कुणीतरी अडवावा लागतो."

त्यांनी घड्याळाच्या पोटाचं लाकडी दार उघडलं. लंबकामागे हात घातला. मऊ पिवळ्या फडक्यात गुंडाळलेलं, थाळीएवढं, जड असं काहीतरी बाहेर आलं. फडकं सुटलं आणि मावळतीचं ऊन त्यात शिरून भिंतीवर भाकरीएवढी मोठी ज्योत उमटली. 

आणि घड्याळ, मोकळं झाल्यासारखं, बोलू लागलं. टक. टक.

६

पावतीराव खाली बसून रडत होता. चोर म्हणून नाही, तर शाळेत दौत सांडलेल्या पोरासारखा.

"कपाटावर पेटी दिसली. नोंद करायची म्हणून ओढली. हात पुरेना, काठीने ओढली. खाली आली ती कोपऱ्यावर. लाख फुटली. उघडून बघतो तर... हे बघा." त्याने बोट दाखवलं. भिंगाच्या कडेला नखाएवढा टवका उडाला होता. "नऊ महिन्यांचं काम. मी आगारात नव्हतो हेही कळलं असतं. मग दगड भरला. हे विकायचं नव्हतं हो मला. फक्त दिसू नये एवढंच."

"आणि मुनी?"

"त्याचं नाव लिहिलेलं होतं," तो म्हणाला. एवढंच.

मास्तर आले, धावत, एका पायात चप्पल नसलेले. वेळाबाईंनी उगवतीच्या म्हाताऱ्या भिंगकाराला फोन लावला. टवका केवढा, कुठे, आतल्या अंगाला तडा गेला का, सगळं मास्तरांनी सांगितलं.  पलीकडून खोकल्यासारखं हसू आलं.

"कडेला ना? अगदी कडेला? अहो, कड तर पितळी कड्याखाली जाते! दोन बोटं जास्तीची सोडतो मी, पहिल्यापासून. वाट लांब आहे, कुणीतरी पाडणारच, हे काय मला माहीत नाही? बसवा ते, नि उद्या रात्री खुशाल धूमकेतू बघा."

पावतीरावाने डोकं भिंतीला टेकलं. दोन बोटांची कड त्याला माहीत असती तर त्याने कुणाच्याच अंगावर काही ढकललं नसतं.

सात वाजायला पाच कमी असताना वेळाबाईंनी साहेबांना फोन केला. आधी भिंग, मग पावतीराव, मग मोठा श्वास घेऊन टपरी, आठ महिने, खोट्या सह्या.

"म्हणजे दोघांनीही नियम मोडला," साहेब म्हणाले.

"मोडला. तो नियम माझ्या हातचा आहे, साहेब. तेव्हा मी फक्त रस्ता मोजला होता. आता कागद बघा. आठ महिन्यांत या दोन गाड्यांना साधा ओरखडा नाही. का? दोघंही रोज आपापल्या पलंगावर झोपतात. मुक्कामाच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. त्यांनी चूक केली नाही, दुरुस्ती केली, आपल्याआधी केली एवढंच."

"बाई, पण खोट्या सह्या..."

"त्याची शिक्षा द्या. आठवडाभर दोघांनी गाड्या धुवायच्या. पण नवं वेळापत्रक मी आज रात्री लिहिते, उद्या तुम्ही सही करा. खरी."

पलीकडे साहेबांनी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "गाड्या पंधरा दिवस धुवायच्या."

वेळाबाईंनी फोन ठेवला नि लंबूला रुमाल देऊन टाकला, कारण त्याचा भिजला होता.

चार दिवसांनी त्या मुनीच्या घरी गेल्या. पावणेसातला. दोन्ही आगारांत नवी पाटी लागली होती: चालक बदल, तीनशे साठावा दगड, दुपारी बारा. मुनीच्या हाताला अजून साबणाचा वास होता.

एक, दोन, तीन नाही. तिघांचा एक श्वास. खुर्ची. खिडकी. सिस्टरने वही पुढे केली, मुनीने रेघ काढली, दोन टिंबं दिली.

"आठ महिने हा माणूस माझ्याजवळ चोरून बसत होता, बाई," त्याची बायको म्हणाली. "लग्नाआधीसुद्धा एवढं चोरून भेटला नव्हता. आता उघड बसायचा म्हणजे मजा गेली."

मुनीने तिच्या खांद्यावरची शाल सारखी केली. मग खिडकीबाहेर बघत, दिवसभरातलं बहुधा आपलं अकरावं वाक्य तो बोलला.

"जाते कशी? उद्या पुन्हा येतोच की."